घर सजवावं, झाकू नये



गेल्या वर्षी आम्ही आमचं जुनं घर विकलं. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते कुलूप लावून पडलं होतं. आम्ही दोघं पातुरातच, पण नव्या घरात राहतो. मुलं बाहेरगावी. रिकामं घर सांभाळणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळजणींना माहीत आहे. वाळवी, उंदीर, दरवर्षीची कराची पावती आणि दर पावसाळ्यात एक नवी भेग. अक्षय्य तृतीयेला सगळे जमले होते, तेव्हा विकायचं ठरलं.

त्या विक्रीत माझ्या हातून एक गोष्ट होता होता राहिली. ती आधी सांगते, मग माझं मत सांगते.

दलाल अकोल्याचे, माणूस चांगला, बोलका. धाकट्या सुनेची एक मैत्रीण अकोल्यात घरांच्या आतल्या सजावटीचं काम करते. आता तिनं ‘होम स्टेजिंग’ सुरू केलंय. म्हणजे विकायचं घर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी तयार करून द्यायचं. पसारा काढायचा, खिडक्या पुसायच्या, चार मोक्याच्या वस्तू ठेवायच्या, उजेड नीट करायचा. स्टेज हा शब्द नाटकातला. अमेरिकेत हा धंदा पन्नासेक वर्षांपासून चालतो, मुंबई-पुण्यातही आता लोक पैसे देऊन करून घेतात. अकोल्याला नवीन आहे आणि पातूरला तर आमचंच घर पहिलं असावं. दोघांनी मिळून काम करायचं ठरवलं. तिनं घर तयार करायचं, त्यांनी गिऱ्हाईक आणायचं.

दलालांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “काकू, लोकाले किचन अन् बाथरूम चकचकीत दिसलं पाह्यजे. बाकी कोणी पाहत नाही.”

आमच्या घरात एक दुखणं आहे. मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत पावसाळ्यात ओल धरते. कारण आपल्या सगळ्यांचंच, काळी माती. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची भिंत बिचारी मध्ये भोगते. त्यातून छताच्या पाण्याचा पाईप नेमका त्या भिंतीच्या पायाशी सुटलेला. सासूबाई दरवर्षी दिवाळीआधी तिथला पोपडा खरवडून चुना लावायच्या. मे महिन्यात मात्र भिंत कोरडी ठणठणीत. फक्त खालच्या दोन-अडीच फुटांवर एक पिवळसर पट्टा दिसायचा.

दलाल म्हणाले, तिथं पीव्हीसीचे पॅनेल लावून टाकू, अठरा हजारांत काम होतं, खोलीही छान दिसते. मला अठरा हजार जास्त वाटले. मी त्याहून स्वस्त उपाय केला. सासूबाईंचं सागवानी कपाट दोन माणसं लावून त्या भिंतीशी नेऊन ठेवलं आणि उरलेल्या जागेत एक उंच आरसा उभा केला. पट्टा पार दिसेनासा झाला. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. खोलीच्या दारात उभी राहून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, “काकू, हे कपाट नेहमी इथंच असतं का?”

एवढंच. आवाजात काही आरोप नव्हता. कपाट खिडकीच्या अर्ध्या पाखीवर आलं होतं म्हणून तिला ते खटकलं होतं. पण मला ‘हो’ म्हणता येईना. मी म्हटलं, “नाही गं, कालच हलवलं.” “का?” मग सगळं सांगितलं. ती कपाटामागं वाकून पाहून आली आणि म्हणाली, “हे आधी बाहेर काढू. मी खोली उजळ करून देईन, पण भिंत झाकायची असेल तर ते काम माझ्याच्यानं होणार नाही.”

माझ्या मुलीपेक्षा लहान पोर ती. त्या रात्री मला झोप आली नाही. झोप न येण्याचं कारण ती नव्हती, पुण्याचा फ्लॅट होता.

मोठ्या मुलानं 2014 साली पुण्यात फ्लॅट घेतला. आम्ही सगळे मिळून सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलो होतो. काय सुंदर होता! पांढरे पडदे, भिंतभर आरसा, भर दिवसा सगळे दिवे लावलेले. बेडरूममध्ये पलंग, दोन बाजूंना छोटी टेबलं आणि तरी फिरायला जागा. सूनबाईच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून आठवतो. ताबा मिळाल्यावर आमचा साधा डबलबेड त्या खोलीत ठेवला तर कपाटाचं दार उघडेना. मग लक्षात आलं. सॅम्पलमधला पलंग नेहमीपेक्षा आखूड आणि अरुंद बनवून घेतलेला होता. कपाट इतकं उथळ, की त्यात हँगर आडवा मावला नसता. खोल्यांना दारंच बसवलेली नव्हती, म्हणून जागा ऐसपैस वाटली. कोणी एक शब्द खोटं बोललं नव्हतं. चौरस फूट कागदावर होते तेवढेच निघाले. पण आम्ही विकत घेतलं ते जे डोळ्यांनी पाहिलं ते, आणि मिळालं ते दुसरंच. मुलगा आजही हप्ते भरतो आहे. त्या दिवशी मी त्या माणसांना किती नावं ठेवली होती! आणि दहा वर्षांनी मीच कपाट सरकवत होते.

मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. अमरावती विद्यापीठ 1983 चं, माझं शिक्षण त्याच्या आधी झालेलं. पदवीचा उपयोग आयुष्यभर किराण्याच्या आणि दुधाच्या हिशोबालाच झाला असं मी गमतीनं म्हणते, पण त्या रात्री दोन जुने शब्द आठवले.

पहिला, विंडो ड्रेसिंग. अकाउंट्सच्या सरांनी शिकवलेला. वर्षअखेरीला कंपनीचा ताळेबंद चांगला दिसावा म्हणून आकडे असे मांडायचे की खोटं काही नाही, पण खरंही समजू नये. होम स्टेजिंगमध्ये वाईट जे आहे ते हेच आहे. पण ताळेबंदाला एक औषधही असतं, खाली लिहायच्या टिपा. अमुक एक दावा कोर्टात आहे, हरलो तर एवढे पैसे द्यावे लागतील, असं टीप देऊन सांगावंच लागतं. टीप असली की वरचा ताळेबंद कितीही नेटका मांडा, कोणी फसत नाही.

दुसरा शब्द कायद्याच्या पेपरातला. घेणाऱ्यानं सावध राहावं, हे तत्त्व. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 16 व्या कलमात ते आहे, अपवादांसकट. आम्ही पाठ केलं होतं. आपल्याकडे लोक हेच घरालाही लावतात, “त्यानं पाहून घ्यायला नको होतं का?” पण घर हा तो माल नव्हे. घराला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, आणि त्याचं 55 वं कलम उलट सांगतं. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे, मग तो बांधकामातला असो की मालकी हक्कातला. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर हे त्याचं कर्तव्यच. आणि न सांगणं ही फसवणूक समजली जाते, असं त्याच कलमात लिहिलं आहे. मे महिन्यात कोरड्या दिसणाऱ्या भिंतीची पावसाळ्यातली ओल याहून वेगळी काय असते?

नव्या इमारतींसाठी रेरा कायदा 2016 सालचा, महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. त्याच्या 12 व्या कलमात सॅम्पल फ्लॅटचाच उल्लेख आहे. जाहिरात किंवा नमुन्याचा फ्लॅट पाहून कोणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाल्यानं नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. घेणाऱ्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तोही बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा. दलालांनाही महारेराची नोंदणी लागते, आणि 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. आमच्या मुलाच्या वेळी यातलं काही नव्हतं. पण लक्षात घ्या, पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचं किंवा आठ फ्लॅटपर्यंतचं लहान बांधकाम रेराच्या नोंदणीतून सुटतं. आपल्याकडच्या गावांतली पुष्कळ बांधकामं तेवढीच असतात. आणि आमच्यासारख्या जुन्या घराच्या विक्रीशी तर रेराचा संबंधच नाही. तिथं 1882 चा कायदा आणि आपलं मन, एवढेच दोघं पहारेकरी.

मनाबद्दल एक सांगते. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय समजावून सांगतात. सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार येतात. अचौर्य व्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकलेत. चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणं, मापात कमीजास्त करणं, आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार. म्हणजे हलका माल चांगल्या मालासारखा करून देणं. मी इतकी वर्षं याचा अर्थ तुपात डालडा आणि मिरचीत भुसा एवढाच घेत होते. कपाटाच्या रात्री पहिल्यांदा जाणवलं की हा दोष असत्याच्या खाली नाही घातलेला, चोरीच्या खाली घातलेला आहे. मी तोंडानं खोटं बोलले नसते. पण कोरड्या भिंतीचे पैसे घेऊन ओली भिंत दिली असती. मधला फरक खिशात घालणं याला चोरीच म्हणायचं.

मग घर सजवूच नये का? माझं मत तसं अजिबात नाही. ज्या मुलीनं कपाट हलवायला लावलं तिनंच घर इतकं सुरेख तयार केलं, की विकू नये असं वाटायला लागलं. चार दिवस नुसती सफाई. माळ्यावरची चाळीस वर्षांची अडगळ काढली. जाळीवरची धूळ गेली तर अंगणातला उजेड स्वयंपाकघरापर्यंत आला. एरवी दुपारी बारालाही तिथं दिवा लागायचा! गळका नळ बदलला. निसटलेली बिजागरी बसवली. कीटकनाशक फवारायचं म्हणाली तेव्हा मी नको म्हटलं. फटी बुजवून, कडुनिंबाचा पाला ठेवून, कोरडं ठेवून काम भागवलं, आणि तिनं ते ऐकलं. हे सगळं केलं तर घर जसं आहे तसं दिसतं. दोन वर्षांच्या धुळीनं ते आहे त्याहून वाईट दिसत होतं, तेही एक प्रकारचं खोटंच होतं.

एक गोष्ट मात्र जड गेली. तिच्या कामात घरातले फोटो उतरवावे लागतात. येणाऱ्याला ते घर आपलं वाटलं पाहिजे, दुसऱ्याचे आजी-आजोबा भिंतीवरून बघत असले तर वाटत नाही. सासऱ्यांचा फोटो, सम्मेदशिखरजीचं मोठं चित्र, नातवाचा पहिला वाढदिवस, सगळं उतरवलं. चित्रामागं भिंतीवर फिका चौकोन राहिला होता. सासूबाई रोज पहाटे त्या समोर बसून माळ जपायच्या. पण मला तिचं म्हणणं पटलं. फोटो काढणं म्हणजे दुसऱ्यासाठी जागा करणं. त्यात कोणाचं काही लुबाडलं जात नाही. माझी कसोटी आता हीच आहे. या सजावटीनं घेणाऱ्याला जास्त दिसतं की कमी? जास्त दिसत असेल तर खुशाल करा.

आपल्या कारंजा लाडची कस्तुरीची हवेली ऐकून माहीत असेल. सांगतात की तिथल्या एका जैन सावकारानं उंटांवरून विकायला आलेली कस्तुरी सगळी घेऊन टाकली आणि बांधकामाच्या गाऱ्यात घातली. खरं किती, दंतकथा किती, ते सोडा. आजचे स्टेजिंगवाले गिऱ्हाईक यायच्या आधी सुगंधी मेणबत्ती लावतात, ताजी कॉफी उकळतात. तो वास गिऱ्हाईक जिना उतरेपर्यंत टिकतो. कस्तुरी गाऱ्यात घालणं परवडणार नाही, पण निदान पाईप भिंतीपासून लांब नेणं परवडतं. तेच आम्ही केलं. गवंड्यानं छताचा पाईप दहा फूट पुढं नेऊन नालीत सोडला, भिंतीच्या कडेनं उतार काढून फरशी घातली. ओल निम्म्याहून कमी झाली. पूर्ण गेली नाही.

आता दलालांबद्दल. आपण बायका दलालांना पटकन नावं ठेवतो. मी जरा हिशोब मांडून पाहिला. घराची अपेक्षा चोवीस लाख. दोन्ही बाजूंनी एक-एक टक्का, म्हणजे त्यांचे अठ्ठेचाळीस हजार. ओल सांगितल्यामुळं किंमत पन्नास हजारांनी उतरली, तर त्यांचं नुकसान किती? दोन्हीकडून पाचशे, मिळून एक हजार. एवढ्यासाठी कोणी भिंत झाकत नाही. ते झाकतात ते सौदा मोडेल या भीतीनं. मोडला की अठ्ठेचाळीस हजारांचे शून्य, आणि चार महिन्यांच्या फेऱ्या, पेट्रोल, सगळं अंगावर. म्हणजे आपणच अशी व्यवस्था करतो, की खरं बोलणाऱ्याला काही मिळत नाही आणि गप्प बसणाऱ्याला सगळं मिळतं. वर म्हणतो, दलाल लबाड.

म्हणून ह्यांनी आणि मी त्यांना बसवून सांगितलं. ओल प्रत्येकाला सांगायची. ती ऐकून गिऱ्हाईक परत गेलं तर तुमच्या फेरीचा खर्च आमच्याकडं. त्या मुलीचे पैसे ठरीव, अर्धे आधी, घर विको न विको. दलालांनी तिला आपल्या टक्क्यात हिस्सा देऊ केला होता. तिनं तो घेतला नाही. म्हणाली, “किमतीत माझा वाटा असला, तर मी घराकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहीन.” वय लहान, पण व्यवहार किती स्वच्छ! दोघांनी भागीदारीत काम करायचं असेल तर कोण कोणाकडून पैसे घेतं ते आधी उघड असावं. विकणाऱ्या बाईनं तर हे विचारलंच पाहिजे. विचारण्यात संकोच कसला?

हे ठरल्यावर दलालांमधला चांगला माणूस आपोआप बाहेर आला. वारसा नोंद सासऱ्यांच्या नावावरून अर्धवट राहिली होती, ती त्यांनी नगरपरिषदेत आणि भूमी अभिलेखात फेऱ्या मारून पुरी करून दिली. घेणाऱ्यांना घर तीन वेळा दाखवायचं त्यांनीच सुचवलं. एकदा सकाळी, एकदा मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता, वरच्या खोलीत काय तापतं ते कळायला, आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. आमच्याकडं नळ रोज येत नाही, तेही कोणत्या दिवशी येतो आणि टाकी किती लिटरची आहे, ते स्वतः सांगायचे.

पहिलं गिऱ्हाईक गेलं. चांगलं होतं, तेवीस लाखांपर्यंत आलं होतं. ओल ऐकली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, नको. त्या दिवशी मुलगा फोनवर जरा चिडलाच. “आई, प्रत्येक जुन्या घराला ओल असते. सांगायची गरज होती का?” मी त्याला पुण्याच्या पलंगाची आठवण दिली नाही. गप्प बसले. पुढचे दोन महिने कोणी फिरकलं नाही, तेव्हा मलाही वाटून गेलं, आपलं चुकलं का? खरं सांगण्याला किंमत पडते, आणि ती कधी कधी परत मिळत नाही, हे तुम्हाला न सांगणं म्हणजे पुन्हा कपाट सरकवणंच.

श्रावणात एक जोडपं आलं. ती नर्स, तो खाजगी नोकरीत, दोन मुलं. भर पावसात आले. भिंत हात लावून पाहिली. हाताला गारवा लागत होता. तिनं मला थेट विचारलं, “याहून जास्त होते का?” मी म्हटलं, “पूर्वी व्हायची, आता पाईप हलवल्यापासून एवढीच. पुढं वाढणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही.” पुढची घासाघीस झाली ती मोकळ्या मनानं झाली. साडेतेवीसला ठरलं. दलालांनी त्यांना आणखी एक सांगितलं, ज्यातून त्यांना स्वतःला रुपया मिळणार नव्हता. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साडेतेवीस लाखांवर साडेतेवीस हजार वाचले, आणि घर तिच्या नावावर झालं. सख्यांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा, लेकी-सुनांना सांगा.

आणि त्या मुलीनं एक वही केली. दोनशे पानी, साधी. ठरलेल्या कामात ती नव्हती, तिचे पैसेही तिनं घेतले नाहीत. मला समोर बसवून विचारत गेली आणि लिहीत गेली. पाण्याची लाईन कुठून कुठं गेली आहे, कुठली भिंत खोदायची नाही. कोणत्या बटणाचा काय संबंध. वायरिंग कोणत्या साली झालं. टाकी कशी धुवायची. परसातल्या कडुनिंबाची मुळं कोणत्या बाजूला गेलीत. वाळवी कुठल्या चौकटीला लागली होती. गवंडी, प्लंबर यांचे नंबर. आणि पहिल्याच पानावर मागच्या खोलीचा नकाशा काढून, पेन्सिलनं ओलीची जागा रेघा मारून दाखवलेली. मला ते पान पहिलं नको होतं. ती म्हणाली, “काकू, पहिलं हेच लागेल त्यांना.”

माझ्या मते घर विकण्याच्या धंद्यात एक पाऊल पुढं टाकणं म्हणतात ते हे. महागडे पडदे आणि मोठमोठे फोटो नव्हेत. कराराबाहेरचं जे काम तुम्ही करता ते कोणासाठी करता, एवढंच पाहावं. विकणाऱ्याच्या बाजूनं सगळेच धावतात, पैसे तिकडून येतात. जो घरात राहायला येणार, पहिल्या पावसात मुलांना घेऊन झोपणार, त्याच्या बाजूनं थोडं धावावं.

तुमच्यातल्या कोणी म्हणतील, पातुरासारख्या गावात हे ठीक आहे, घेणारा रोज भाजीबाजारात भेटतो, लबाडी कुठं लपणार? पुण्या-मुंबईत कोण कोणाला पुन्हा भेटतं? असेल तसं. पण पुन्हा भेटणार नाही त्याच्याशीच तर खरं वागायचं असतं. भेटणाऱ्याशी काय, आपण भीतीनंही नीट वागतो.

कोणी म्हणतील, घेणाराही लपवतोच की. पैसे हातात असून नाही म्हणतो. खरं आहे. त्यानं त्याच्या खिशातलं लपवलं तर मला माझी किंमत ठरवायला मोकळीक आहे, मी नाही म्हणू शकते. माझ्या भिंतीतलं मी लपवलं तर त्याला नाही म्हणायची संधीच उरत नाही. दोन्ही लपवाछपवी सारख्या नाहीत.

घर विकायला काढाल तेव्हा तीन गोष्टी नक्की करा. घरातला ठाऊक असलेला प्रत्येक दोष दलाल येण्याआधी स्वतःच्या हातानं कागदावर लिहा, नंतर लिहायला जड जातं. ज्यांना कामाला लावाल त्यांना खरं बोलणं परवडेल असे पैसे ठरवा. आणि घराची वही करा, विकायचं नसलं तरी करा, आपल्या सुनांनाही कुठं काय आहे ते माहीत नसतं.

या आषाढात एका संध्याकाळी फोन आला. त्याच बाईचा. चार दिवसांची झड लागली होती. माझ्या पोटात गोळाच आला. ती म्हणाली, “काकू, ओल आली बरं का. वहीत काढली आहे तिथंच, तेवढीच.” मग म्हणाली, “गवंड्याचा नंबर लागत नाही, नवीन आहे का तुमच्याकडं?”

मी नंबर दिला. दुसऱ्या दिवशी ह्यांना पाठवलं, वहीत नवा नंबर लिहून यायला.

जय जिनेंद्र.